एकाच मणक्याचं दुखणं

कष्ट करणारा माणूस कधी मागे राहत नाही, असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की मी विषय बदलते. वाद घालत नाही. वाद घालायचा तर बाबांची सगळी हकिगत सांगावी लागेल, आणि ती ऐकून लोक म्हणतात, "अगं, पण तू शिकलीस ना? हेच त्यांच्या कष्टाचं फळ." एखाद्याची पाठ मोडली आणि तिच्या बदल्यात त्याच्या मुलीला ऑफिसात फिरती खुर्ची मिळाली, तर त्याला फळ म्हणायचं असतं हे मला अजून पटलेलं नाही.

बाबा पेठच्या डोंगरातले. घरी भाताची चार खाचरं, वरच्या उतारावर नागली, म्हणजे नाचणी. कापणी झाली की अख्खा पाडा नाशिककडे द्राक्षाच्या बागांवर मजुरीला उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत चढायचा. एका वर्षी बाबा उतरले ते परत चढलेच नाहीत. सातपूरला एका छोट्या वर्कशॉपात झाडू मारायच्या कामाला लागले. झाडता झाडता मशीन पुसायला लागले, पुसता पुसता चालवायला शिकले. मी शाळेत जायला लागले तेव्हा ते एका मोठ्या कारखान्यात ग्राइंडिंगच्या मशीनवर होते, ठेकेदाराकडून. ठेकेदाराकडून म्हणजे काम कारखान्याचं, पण माणूस कारखान्याचा नाही. वर्षातून एकदा काही दिवस ब्रेक म्हणून घरी बसवायचे, मग नवीन गेटपास द्यायचे. कागदोपत्री बाबा दरवर्षी त्या कारखान्यात नव्याने रुजू व्हायचे.

पर्मनंट होण्याची त्यांना खात्री होती. ती आशा नव्हती, खात्रीच होती. "काम बोलतं," ते म्हणायचे. "आपण बोलायची गरज नाय." सुट्टीच्या दिवशी बोलावलं की जायचे. दुसऱ्याची शिफ्ट करून द्यायचे. डोंगरातले त्यांचे भाऊ कधी सणाला आले आणि पिकाचं, पावसाचं रडगाणं गायला लागले की बाबा त्यांना फटकारायचे, "बसून खायची सवय लागली तुम्हाला. हातपाय हलवा, कायी कमी पडत नाय." काका खाली मान घालून ऐकून घ्यायचे. त्यांच्या हातांना पडलेले घट्टे बाबांना दिसत नसत असं नाही. पण स्वतः पुढे गेलेल्या माणसाला मागचा आळशी वाटावाच लागतो, नाहीतर स्वतःचं पुढे जाणं निव्वळ योगायोग ठरतं.

पाठ दुखायला लागली ती मी दहावीत असताना. ग्राइंडिंगसाठी येणारे लोखंडी भाग, म्हणजे जॉब, जड, ते वाकून उचलायचे आणि मशीनवर चढवायचे. दिवसभर तेच. आधी कंबर धरायची, मग कळ डाव्या मांडीतून खाली पोटरीपर्यंत जायला लागली. कामगारांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की कमरेच्या मणक्यांमधली चकती सरकली आहे, ऑपरेशन करा. पैसे पडणार नव्हते, कार्ड होतं. पण पुढे डॉक्टर म्हणाले, "नंतर तीन महिने आराम. वजन उचलायचं नाही."

बाबांनी ठेकेदाराला विचारलं. तो माणूस काही खलनायक नव्हता, हसूनखेळून बोलायचा. "कर की ऑपरेशन. नाही कोण म्हणतंय? बरा होऊन ये, मग बघू."

त्या "मग बघू"चा अर्थ आमच्या घरात लहान मुलालाही कळत होता. बाबांनी मेडिकलमधून पाठीचा पट्टा आणला, तो शर्टाच्या आतून बांधला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. आई म्हणाली, "असं किती दिवस?" बाबा म्हणाले, "पर्मनंट झालो की करतो."

पट्टा बांधून ते पुढे तीन-चार वर्षं कामावर जात राहिले.

मी इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा कारखान्यात जर्मनीहून एक मोठं मशीन आलं आणि ते बसवायला तिकडचा एक फिटर आला. साहेब नव्हे, फिटर. बाबांनी घरी येऊन पहिल्यांदा हेच सांगितलं, "आपल्यासारखाच हाय गं. हातात पाना घेऊन मशीनखाली झोपतो. तेलाने माखतो." त्याच्या हाताखाली कंपनीने बाबांना दिलं होतं. बाबांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला बाबांची. पण पाना कुठला हवा, बोल्ट किती आवळायचा, हे सांगायला भाषा लागत नाही. काही आठवड्यांत दोघांची गट्टी जमली. दुपारी बाबांच्या डब्यातली नागलीची भाकरी तो खायला लागला आणि त्याच्याकडची कडक काळी चॉकलेटं आमच्या घरी यायला लागली. ती कडू होती. आई म्हणायची, "औषध हाय का हे?"

मशीन बसलं त्या दिवशी पूजा झाली. मालक मुंबईहून आले होते. मशीनला हार घातला, कुंकू लावलं, आणि सगळ्यात जुना माणूस म्हणून नारळ बाबांच्या हातून फोडला. मालकांनी भाषण केलं की मेहनतीला पर्याय नाही आणि ही माणसं हीच आमची खरी संपत्ती. बाबा त्या दिवशी घरी आले ते उंची वाढल्यासारखे. खोबऱ्याचा तुकडा त्यांनी देवापुढे ठेवला. "आता होणार," ते आईला म्हणाले. काय होणार ते बोलले नाहीत, पण आम्हाला कळलं.

जायच्या आधीच्या सुट्टीच्या दिवशी त्या फिटरला बाबांचं घर बघायचं होतं. मॅनेजरला ते आवडलं नव्हतं. कशाला त्याला तिकडे नेतोस, म्हणून त्याने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण पाहुणा रिक्षा करून स्वतःच आला. सातपूरच्या आमच्या वस्तीत, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, तो दारातून वाकून आत आला आणि बाबांनी पुढे केलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत जपून बसला. सगळी गल्ली दाराशी जमली होती. आईने कोंबडीचा रस्सा केला होता.

दुभाषी मी. माझं इंग्रजी पुस्तकातलं, त्याचंही तोडकंमोडकं, त्यामुळे आमचं बरं जमलं. आईला एकच प्रश्न विचारायचा होता. हंगामात ती पिंपळगावकडे द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये जायची. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, घडातले बारके मणी कात्रीने काढायचे आणि घड डब्यात भरायचे. "विचार त्याला, आमची द्राक्षं तिथं भेटतात का?"

तो म्हणाला, हो, भेटतात. त्याची बायको आणते. थंडी संपता संपता दुकानात येतात, गोड असतात.

आई खूश झाली. मग जरा वेळाने मला म्हणाली, "आम्ही एक मणी तोंडात टाकला तर घरी पाठवतात, हे नको सांगू."

जेवून उठताना बाबांच्या पाठीत कळ आली. ते भिंत धरून थांबले. पाहुण्याने ते पाहिलं आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवून काहीतरी विचारलं. बाबांनी मान हलवली आणि शर्ट वर करून पट्टा दाखवला. तेव्हा तो माणूस हसला आणि त्यानेही पाठ वळवून शर्ट वर केला. त्याच्या कमरेच्या मधोमध, बाबांचं जिथे दुखायचं बरोब्बर तिथे, उभा व्रण होता. पांढरा, सरळ, जुना. दोघं एकमेकांकडे बघून हसले. शाळेतल्या दोन पोरांचा एकच दात पडलेला असावा, तसे.

"मशीनमुळेच का, विचार," बाबा म्हणाले.

मशीनमुळेच. तोही तरुणपणी जड जॉब उचलायचा. चकती सरकली. त्याच्या देशातला डॉक्टरही ऑपरेशन कर म्हणाला.

"मग किती दिवस आराम केला, विचार."

मी विचारलं. तो आठवत राहिला. मग म्हणाला, अर्धं वर्ष. त्यातले काही आठवडे डोंगरातल्या एका ठिकाणी, तिथे गरम पाण्यात पोहायचं आणि व्यायाम करायचा.

मी ते मराठीत सांगितलं. बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "नीट विचार. अर्धा महिना म्हणाला आसंल."

मी परत विचारलं. अर्धं वर्षच.

"मग पगार?"

या वेळी मला विचारायला लाज वाटली. पण बाबा वाट बघत होते. पाहुण्याला मात्र प्रश्नच नीट कळला नाही. पगाराचं काय, असं त्याने मलाच विचारलं. मी म्हटलं, म्हणजे त्या सहा महिन्यांत पगार मिळाला का? तेव्हा तो म्हणाला, अर्थात. सुरुवातीला पूर्ण, नंतर थोडा कमी. आजारी होतो ना. आणि परत गेल्यावर कंपनीने वजन उचलायचं काम बंद केलं आणि मशीन बसवण्याचं शिकवलं, म्हणून तर जगभर फिरतोय. आता चार वर्षांत निवृत्त होणार. गावी घर आहे, आजोबांच्या वेळचं नाही, त्याने स्वतः बांधलेलं. त्याचा बापही कारखान्यातच होता, आणि तो स्वतः दहावी करून तिथेच शिकायला लागला.

हे सगळं तो बढाई म्हणून सांगत नव्हता. आपण बाजारहाट कुठे करतो हे सांगावं तसं सांगत होता. मग त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हटलं, "तुझ्या वडिलांना सांग, मी आयुष्यात इतका कष्टाळू माणूस पाहिला नाही. ते माझ्यापेक्षा जास्त काम करतात. पण त्यांनी ऑपरेशन का नाही केलं?"

मी ते बाबांना सांगितलं. पहिलं वाक्यही सांगितलं आणि शेवटचंही.

बाबांनी शर्ट खाली ओढून पट्ट्यावर नीट केला. मग म्हणाले, "सांग, इथं तेवढी सवड नसते."

पाहुणा गेल्यावर गल्लीतली माणसं बाबांभोवती जमली, काय म्हणाला, काय म्हणाला. बाबांनी फक्त एवढंच सांगितलं की भाकरी आवडली म्हणाला. आत येऊन त्यांनी पट्टा सोडला आणि चटईवर आडवे झाले. मला वाटलं ते चिडले असतील. ते चिडले नव्हते. ते कसला तरी विचार करत होते, आणि माझ्या बापाला मी असा विचार करताना आधी कधी पाहिलं नव्हतं. काम करताना पाहिलं होतं, झोपलेलं पाहिलं होतं.

"तो पण दहावीपर्यंतच शिकला ना?" त्यांनी विचारलं.

"हो. पुढे कारखान्यातच शिकला."

"आणि त्याचा बाप पण कारखान्यात."

"हो."

"मंग त्याचा बाप जास्त काम करायचा आसंल," बाबा म्हणाले. पण त्या आवाजात खात्री नव्हती.

त्यानंतरचं सांगायला फार वेळ लागत नाही. नवीन मशीन जॉब स्वतः उचलायचं, स्वतः फिरवायचं, स्वतः मोजायचं. शेजारी एक माणूस बटणं बघायला पुरायचा, आणि त्यासाठी कंपनीने आयटीआय झालेली नवी पोरं घेतली, तीही ठेकेदाराचीच. बाबांना पुढच्या ब्रेकनंतर गेटपास मिळाला नाही. ठेकेदार फोनवर म्हणाला, "काका, तुमच्या पाठीलाही आराम मिळेल." बाबा दोनदा गेटवर जाऊन आले. दुसऱ्यांदा सिक्युरिटीवाल्याने, जो त्यांना वर्षानुवर्षं नमस्कार करत होता, त्याने त्यांना आत सोडलं नाही आणि वर नमस्कारही केला.

मग आम्ही म्हटलं, आता वेळ आहे, ऑपरेशन करून टाकू. कामगारांच्या दवाखान्यात गेलो तर नोकरी सुटल्यावर कार्ड बंद झालेलं. कार्ड होतं तेव्हा सवड नव्हती, आणि सवड मिळाली तेव्हा कार्ड नव्हतं. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी आम्हाला दुसऱ्या योजनेचं सांगितलं, तिथे दाखला लागत होता, दाखल्यासाठी पेठला जावं लागत होतं. त्या फेऱ्यांत वर्ष गेलं. मला नोकरी लागली तेव्हा मी बाबांना खासगी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी डाव्या पायावर सुई टोचून पाहिली. बाबांना कळलंच नाही.

"आता ऑपरेशनने दुखणं कमी होईल," डॉक्टर म्हणाले, "पण पायातली गेलेली ताकद परत येईल असं मी सांगत नाही. नस फार वर्षं दाबली गेली. इतके दिवस का थांबलात?"

हा प्रश्न बाबांना दुसऱ्यांदा विचारला जात होता. या वेळी ते म्हणाले, "चुकलंच."

मला त्या "चुकलंच"चा जितका राग आला तितका दुसऱ्या कशाचाच आलेला नाही. रिक्षात मी त्यांना म्हटलं, "तुमचं काय चुकलं? सांगा ना, काय चुकलं?" बाबांनी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून सरळ केला. त्र्यंबक रोडला ट्रॅफिक होतं. जरा वेळाने म्हणाले, "तो जर्मनीवाला वाईट माणूस नव्हता. त्याची पाठ बऱ्या ठिकाणी दुखली, एवढंच."

तो अधूनमधून मला फोनवर फोटो पाठवतो. आता निवृत्त झाला आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याने सायकलवरचा फोटो पाठवला होता, मागे हिरवा डोंगर, चढाच्या रस्त्यावर उभा. बाबांना मी तो दाखवावा की नाही याचा दोन दिवस विचार केला. दाखवला तर बाबा मनापासून खूश झाले. फोटो मोठा करून त्यांनी त्याची पाठ बघितली. "बघ, कसा ताठ हाय," आईला म्हणाले. मग मला सांगितलं, आपलंही सगळं ठीक आहे असं कळव. मी कळवलं.

मी आता कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढते. आमची सगळी कामं परदेशातली. तिथल्या ऑफिसात माझ्याच वयाची एक मुलगी तेच काम करते, त्याच सॉफ्टवेअरवर. व्हिडिओ कॉलवर आम्ही बोलतो. तिची संध्याकाळ झाली की ती कॉम्प्युटर बंद करून घोडेस्वारी शिकायला जाते. आमच्याकडे तोवर अंधार पडलेला असतो आणि तिने जाताना पाठवलेल्या दुरुस्त्या मी करत बसलेली असते. ती मला म्हणाली होती, "तुम्ही लोक खूप मेहनती असता." चांगल्या मनाने म्हणाली होती. मी थँक्यू म्हटलं. ते ऐकायला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा नंतर फार त्रास झाला. आमच्या ऑफिसला तिच्या कंपनीने काम का दिलं, हे मला ठाऊक आहे. आम्ही हुशार आहोत हे खरं. पण आम्ही स्वस्त आहोत हे जास्त खरं.

ताकद परत येणार नसेल तर ऑपरेशन नको म्हणाले बाबा, आणि घरी बसायलाही तयार नव्हते. मी म्हटलं, माझा पगार आहे, बसा. ते म्हणाले, "बसून खायला मी काय म्हातारा झालो का?" आणि गंगापूर रोडच्या एका मोठ्या सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. मला बरं वाटलं ते एवढ्यासाठी की तिथे गेटपाशी खुर्ची होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बसून करायचं काम मिळालं होतं.

या पावसाळ्यात सोसायटीची मीटिंग झाली आणि ठरलं की वॉचमन लोकांना खुर्ची द्यायची नाही. खुर्ची दिली की झोपतात, असं कुणाचं तरी म्हणणं पडलं. खुर्ची स्टोअररूममध्ये गेली. बाबांनी घरी सांगितलंच नाही. आईला त्यांच्या डाव्या पायाची सूज दिसली तेव्हा कळलं.

मी सेक्रेटरींना भेटायला गेले. सातव्या मजल्यावर त्यांचं घर. दिवाणखान्यात बसवलं, पाणी दिलं, चहा विचारला. मी डॉक्टरचे कागद दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, खरंच वाचले.

"तुमचे वडील फार मेहनती आहेत हो," ते म्हणाले. "एक दिवस खाडा नाही. मी स्वतः मीटिंगमध्ये म्हटलं, यांच्यासारखा वॉचमन मिळणार नाही."

"मग यांना तरी खुर्ची द्या."

"एकाला दिली की बाकीचे मागतात. नियम म्हटला की सगळ्यांना सारखा." त्यांनी कागद घडी करून मला परत दिले. "त्यांना जमत नसेल तर आमची काही जबरदस्ती नाही. एजन्सीकडे माणसं खूप आहेत."

"काका, तुम्ही दिवसभर उभे राहून बघा," असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण बाबा खाली होते आणि त्यांची नोकरी या माणसाच्या हातात होती. मी म्हटलं, "बघा काही करता आलं तर."

"बघू ना," ते म्हणाले.

मी लिफ्टने खाली आले. बाबा गेटच्या खांबाला एक हात लावून उभे होते, वजन सगळं उजव्या पायावर. पाऊस भुरभुरत होता.

"काय म्हणाले?"

"मेहनती आहात म्हणाले."

"ते म्हणतातच," बाबा म्हणाले. "आणि खुर्चीचं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात आतून गाडीचा हॉर्न वाजला. बाबा खांब सोडून, डावा पाय ओढत, फाटक उघडायला गेले.